जोडीने वाचायची बातमी

सर, आपला मुद्रितशोधन विभाग पुढच्या महिन्यात बंद होतोय. आज दुपारी व्यवस्थापकांनी केबिनमध्ये बोलावून स्वतःच सांगितलं. चहा येईपर्यंत यंदा नफा किती चांगला झाला तेही सांगून झालं होतं. मग माणसं का काढायची, असं मी विचारलं. "मॅडम, शुद्धलेखन आता संगणक बघतो," ते म्हणाले. या लोकांवाचून पान नीट निघू शकतं, असं वृत्तसंपादक म्हणून मी उद्या सकाळी लिहून द्यायचं आहे.

मला आपलं बुधवार पेठेतलं जुनं ऑफिस आठवलं. मी नवीन, तुम्ही मुख्य उपसंपादक. बाकीच्या बातम्या घाईत एकट्याने तपासल्या तरी तुम्ही चालवून घेत होतात. निधनवार्ता मात्र जोडीनेच. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट फिरवायचं. मी वाचतेय, शेवटची बस गाठायची म्हणून भराभर. तुमचं बोट थांबतं. "बाई, पश्चात कोण आहे ते सावकाश वाचा. उद्या अंक तेच उघडणार आहेत."

विभागातली बरीचशी माणसं मागच्या महिन्यातच जाहिरातींकडे बसवली, तात्पुरती म्हणून. उरलेला एकटा सगळं वाचत होता. विश्रांतवाडीच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचा धाकटा भाऊ वारला. आम्ही छापलं की पोस्टमास्तर वारले आणि पश्चात भाऊ आहे. नावांची अदलाबदल झाली होती. संगणकाला दोन्ही नावं शुद्धच दिसली. माफी मागायला मी त्यांच्या घरी गेले, तर दार त्यांनीच उघडलं. "या. सांत्वनाला आलात की खात्री करायला?" मला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "माझं सोडा हो. गावाकडच्यांना वाटलं मी गेलो. धाकट्यासाठी कोणी आलंच नाही." दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली होती आपण. पण दुरुस्ती वाचून कोण भेटायला येतं?

आज हे सगळं मी व्यवस्थापकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक चूक कोणाकडूनही होते म्हणाले. खरं आहे, म्हणून तर दोघं बसायचे. पेपर तोट्यात असता तर मी निदान वाद घालताना अडखळले असते.

उद्या मी तसं लिहून देणार नाही. पान निघेल, पण नीट निघणार नाही, एवढंच लिहीन. त्यानंतर बहुधा दुसऱ्या कोणाची तरी सही घेतली जाईल आणि माझीही कुठेतरी तात्पुरती सोय होईल. विभागातली मंडळी जिन्याशी थांबणार आहेत, काय झालं ते ऐकायला.

हे पत्र आता मोठ्याने वाचून पाहिलं, सर. घरात बोट फिरवायला कोणी नव्हतं. शेवटाकडे पुन्हा भराभर वाचलं मी.