मोठ्या ड्रममधली रजई

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा ड्रम वाजवणे, बँडमधले नाव ‘ठोक्या’, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डावा कान कामातून गेला आहे, पण कायद्यात कानाची अट नाही, असे माझी वकील पुतणी सांगते. दबाव कोणी आणलेला नाही. आणणारा भेटलाच तर त्याचे मी बघून घेईन. आधीचे मृत्युपत्र मी फाडले. त्यात सगळी मालमत्ता होती, फक्त खरे काय ते नव्हते.

१. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या आणि बँकेत जे असेल ते पुतणीला द्यावे. व्यवस्थापक म्हणून तिलाच नेमतो. मला बायको-मुले नाहीत. एकदा लग्न ठरत आले होते, पण मुलीच्या वडिलांनी आमचा कार्यक्रम पाहिला आणि कान झाकूनच बाहेर पडले. त्यांच्यावर माझा राग नाही. होता, पण तो आता गेला.

२. चामड्याचे काळे जाकीट ज्याच्या अंगात शिरेल त्याने न्यावे. माझ्या शिरत नाही.

३. ड्रमचा संच गाणे-बजावणे शिकवणाऱ्या कोणत्याही शाळेला द्यावा. मुलांना सांगावे की जोरात वाजवा. हळू वाजवायला आयुष्य पडले आहे.

४. या कलमासाठीच हा सगळा खटाटोप. आमच्या बँडमध्ये आम्ही तिघे. ताई गाते, तिचा धाकटा भाऊ गिटार वाजवतो आणि मी ठोकतो. बावीस वर्षे आम्ही इतके दणकून वाजवले की पहिल्या रांगेतले लोक दुसऱ्या दिवशीही एकमेकांशी ओरडून बोलत. मग तो मवाळ अल्बम आला, आणि तेव्हापासून आमचे सगळेच सुरेल झाले. हे ताईने आतून ठरवून, माझे कान भरून घडवले, असे धाकट्याचे म्हणणे. ताईने साफ नाकारले. त्याने तिला खोटारडी म्हटले आणि बँड सोडला. एकोणीस वर्षे ही सख्खी भावंडे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. खरे काय ते मला ठाऊक होते, आणि मी मूग गिळून बसलो.

तर खरे असे आहे. आमची सरावाची खोली दाताच्या दवाखान्याच्या वर होती. अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी एकटाच वाजवत असताना डॉक्टर वर आले. हातात मोजे तसेच. अगदी सभ्यपणे म्हणाले, “तुमच्या एका ठोक्याने माझा हात हलला. पेशंटला अजून सांगितलेलं नाही.” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी लगेच घरून जुनी रजई आणली, मोठ्या ड्रमचे कातडे उघडून आत कोंबली, बाकीच्या ड्रमना आतून कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि सगळे परत बंद केले. माझ्या वाद्यांना मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, त्यामुळे हे कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रम तसेच्या तसे स्टुडिओत गेले. रजई काढायची मी साफ विसरलो.

पहिला ठोका मारला तर ‘धाड’ऐवजी ‘धप्’. मला वाटले, खोलीच तशी असेल. ताईला माझ्यावरून ओरडावे लागेना, तेव्हा तिचा आवाज आपोआप खाली आला. आणि मग मला धाकट्याची गिटार ऐकू आली. ताईच्या दोन ओळींच्या मधे तो बारीक, फार गोड काहीतरी वाजवत होता. मी त्याच्या बोटांकडे पाहिले. बोटे नेहमीसारखीच फिरत होती. म्हणजे हा गडी बावीस वर्षे हेच वाजवत होता आणि मी ते ठोकून बुजवत होतो. आमच्यातला सगळ्यात हळुवार माणूस तोच, आणि मवाळपणाच्या नावाने बोटे मोडणाराही तोच. याचे मला आजही नवल वाटते.

घरी येऊन ड्रम उघडला आणि रजई दिसली. सांगणार होतो. पण तेवढ्यात अल्बम गाजला, वर्तमानपत्रांनी माझ्या ‘संयत, परिपक्व वादना’ची वाखाणणी केली, आणि मला ती आवडली. रजईला कोण परिपक्व म्हणेल? रजई परत आत कोंबून मी गप्प राहिलो. ताई, मी तुझा अपराधी आहे.

५. ती सगळी कात्रणे रद्दीत घालावीत.

६. ताई आणि धाकटा यांना मी काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही न देणेच बरे, असे पुतणी म्हणते, आणि मला साक्षीदार हेच दोघे हवे होते. दोघे एकाच वेळी हजर असावेत असे कायदा म्हणत नाही. मी म्हणतो.

पुतणीने त्यांना वेगवेगळे फोन करून बोलावले. आत्ता दोघे टेबलाच्या दोन टोकांना बसले आहेत. कलम चार मी मोठ्याने वाचून दाखवले. धाकटा टेबलाकडे बघत होता. तसाच मला म्हणाला, “म्हणजे ही खरं बोलत होती.”

ताई म्हणाली, “माझ्याकडे बघून बोल.”

पुढे काय होते ते बघायची मला इतकी उत्सुकता आहे की मरण लांबणीवर टाकावेसे वाटते. पुतणी म्हणते, आता सह्या घ्या; साक्षीदारांनी सहीखाली आपली ओळख स्वतःच्या अक्षरात लिहावी.

स्थळ : माझी पुढची खोली. दिनांक : ३ फेब्रुवारी, रविवार, सकाळ.

लिहून ठेवणार : (सही) ड्रमवादक.

साक्षीदार पहिली : (सही) गायिका.

साक्षीदार दुसरा : (सही) वरील साक्षीदाराचा धाकटा भाऊ.