चोवीस बरण्यांतलं शेवाळ

४ मार्च, सोमवार

एकतिसावा सोमवार! चोवीसच्या चोवीस बरण्या बदलून झाल्या, एक थेंब सांडला नाही. जुन्या बरणीतलं पिपेटभर पाणी नव्या बरणीतल्या स्वच्छ पाण्यात सोडायचं, उरलेलं मोरीत ओतायचं, झाकण, चिठ्ठी, पुढची बरणी.

बारा बरण्यांत गोळी एकटी. (गोळी हे मी ठेवलेलं नाव. एका पेशीचं हिरवं शेवाळ, सूक्ष्मदर्शकाखाली अगदी गोळीसारखं गरगरीत.) बाकीच्या बारांत गोळी आणि तिचे चार शेजारी – वेगळ्या जातींची शेवाळं. प्रश्न एकच: एखादी जात पिढ्यान्‌पिढ्या एकटी राहून जास्त बदलते, की चारचौघांत राहून?

आणि उत्तर दिसतंय! एकटी गोळी पूर्वी हळूहळू बुडायची, आता तरंगते. शेजाऱ्यांमधली गोळी होती तशीच, फक्त थोडी कमी. चारपैकी दोन शेजारी मात्र दिसेनासे झालेत. मी माझ्या मार्गदर्शक बाईंना म्हटलं, ‘सगळ्या जागा आधीच भरलेल्या असल्या की नवं काही व्हायला वाव राहत नाही.’ बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “वाक्य छान आहे. पंधरा तारखेला समितीपुढे पुरावाही छान असू दे.”

मला आणखी दोन वर्षं इथे ठेवायचं का, हे ती समिती ठरवणार. ठेवलं तर डॉक्टरेट. नाही ठेवलं तर – आज नको तो विचार.

६ मार्च, बुधवार

शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं, मुलगी नेमकं करते काय? बाबा म्हणाले, “डबकी सांभाळते. बरणीतली.” आणि इतक्या अभिमानानं म्हणाले, की मला दुरुस्त करवेना.

९ मार्च, शनिवार

आज आईला प्रयोगशाळा दाखवली! घरातल्या पहिल्या पदवीधराचं टेबल बघायचं म्हणून तिने इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून सुट्टी घेतली. दारातच म्हणाली, “अगं बाई, एवढ्याशा पाण्याला एवढी खोली!” चपला बाहेर काढल्या. नको म्हटलं तरी काढल्याच.

मी एका जादा बरणीतलं पाणी बदलून दाखवलं. ती वाकून बघत होती.

“ढवळलं नाहीस?”

“ढवळायचं नसतं, आई.”

“असं कसं? न ढवळता वाढलं तर वरचं तेवढंच ताटात येतं, तळाशी बसलेलं पातेल्यातच राहतं. मी नवीन असताना हेच केलं होतं. अख्ख्या एका वॉर्डाला आमटीचं नुसतं पाणी वाढलं! काय बोलणी खाल्ली होती.”

मी हसले. बसमध्ये बसेपर्यंत हसत होते.

१० मार्च, रविवार

एकतीस सोमवार मी पाणी वरूनच घेतलं. पिपेटचं टोक बोटाच्या पेराइतकं बुडवून. जी गोळी तरंगत होती ती नव्या बरणीत गेली, जी तळाशी होती ती मोरीत. गोळीला तरंगायला शिकवलं कुणी? माझ्या हाताने! आणि दिसेनासे झालेले ते दोन शेजारी – दोघंही तळाशी राहणारे. मी अहवालात लिहिलंय ‘स्पर्धेत टिकले नाहीत’. कसली स्पर्धा? मीच ओतून दिले बिचाऱ्यांना.

जेवताना सगळं सांगून टाकलं. दादा म्हणाला, “शुक्रवारी पास हो, सोमवारपासून ढवळ. हाय काय नि नाय काय!” वहिनी म्हणाली, “त्यांना तरी कुठे कळणारे?” वाईट कुणाच्याच मनात नाही. खोटं बोल असं कुणी म्हणत नाही, फक्त थोडं गप्प बस म्हणतात. बाबा एसटीच्या डेपोत गाड्या दुरुस्त करतात. ते ताटात बघतच म्हणाले, “ब्रेक बरोबर लागत नाही हे माहीत असून मी गाडी डेपोबाहेर सोडत नसतो.”

११ मार्च, सोमवार

बाईंना सांगितलं. 

“कसं घेतेस, दाखव.”

दाखवलं.

“पुन्हा दाखव.”

मग पिपेट स्वतःच्या हातात घेऊन तशीच धरून बघितली. शेवटी म्हणाल्या, “समितीला सांगायचं. तूच सांग.” रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ मार्च, शुक्रवार

सांगितलं. समितीतले सर्वांत वयस्कर सर म्हणाले, “म्हणजे सात महिने पाण्यात!” बाकीचे हसले, मीही हसले, आणि हसल्यावर भीतीच गेली. म्हटलं, “सर, गोळी खरोखर बदलली आहे. निवड निसर्गाने केली असं मी धरून चालले, ती माझ्या पिपेटने केली. पण दोन्हीकडे पिपेट तीच, हात तोच. तरी एकटी गोळी तरंगायला शिकली आणि शेजाऱ्यांमधली नाही शिकली. वरची जागा तिथे दुसऱ्यांनी आधीच घेतली होती.”

हे मला तिथे उभी असतानाच सुचलं! खरंच! सर हसायचे थांबले. पेन मागून घेऊन काहीतरी लिहिलं त्यांनी.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

१८ मार्च, सोमवार

पहिला सोमवार. शीतकपाटात जपलेल्या मूळ नमुन्यांपासून चोवीस नव्या बरण्या. अर्ध्या ढवळून बदलायच्या, अर्ध्या पूर्वीसारख्या. तळाचे दोघे शेजारी परत आले. किती बरं वाटलं त्यांना बघून!

घरी पोचले की आई आता ‘जेवलीस का’ नाही विचारत. ‘ढवळलंस का’ विचारते.

२७ मार्च, बुधवार

दोन वर्षं नाही. एक वर्ष. मग पुन्हा बघू म्हणे.

चालेल! एका वर्षात बावन्न सोमवार असतात. बाबा म्हणाले, “गाडीलाही पासिंग वर्षावर्षानेच मिळतं, पुढचं एकदम देत नाहीत.” दादा पेढे नाही, पण नवी काचेची कांडी घेऊन आला – ढवळायला. दोन इंच आखूड आहे, पण गरगर फिरवली की तळही ढवळतो. तीच वापरणार.

९ एप्रिल, मंगळवार

सकाळी बाईंच्या टेबलावर त्यांच्या जुन्या वह्यांचा ढीग होता. अठरा वर्षांच्या, उघड्या पानावर ‘पाणी वरून घेतलं’खाली लाल रेघ. म्हणाल्या, “पिपेट वरच्या वर धरायला तुला कुणी शिकवलं, हे तू समितीला सांगितलं नाहीस.”  त्यांनी माझ्या हातात उघडं पाकीट दिलं – वाच आणि टपालात टाकून ये. ज्या शोधनिबंधामुळे बाईंचं नाव झालं, तो छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र होतं. पहिलंच वाक्य: ‘माझा निबंध कृपया मागे घ्यावा.’