विदाउट लीव्ह

म्हसवड, ११ फेब्रु. ७४
हे काल पलटनीतून अचानक रजेवर आले. तार नाही, पत्र नाही. पंधरा दिवस आहेत म्हणाले. सासूबाईंनी नारळ घेऊन तडक सिद्धनाथाला नेलं. फार वाळलेत. जेवताना पाठ भिंतीला लावूनच बसतात.

१४ फेब्रु.
नववीला इंग्रजीच्या तासाला 'लीव्ह' शिकवलं. सोडणं, निघणं, मागे ठेवणं, राहू देणं. शालन कुंभार विचारते, "बाई, मग रजा पन लीव्हच कशी? रजेवर मानूस घरी येतो की." शाळेतला मोठा शब्दकोश काढला, तर दोन वेगळेच शब्द निघाले! सोडण्याचा मूळ अर्थ मागे उरू देणं. रजेचा, परवानगी, आणि तो 'लव्ह'चा, प्रेमाच्या शब्दाचा भाऊबंद. किती गोड वाटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हसले नाहीत. ताट तसंच ठेवून रानात गेले.

२६ फेब्रु.
ज्वारी काढून झाली. रजा वाढवून घेतली म्हणतात. आज सांगलीला गेले, कुपवाडला कारखान्यात काम मिळतंय का बघायला. फौजेतल्या माणसाला कुपवाडचं काम कशाला? विचारलं तर "बघून ठेवतो" एवढंच.

२७ फेब्रु.
शाळेच्या फाटकाशी पोलीस हवालदार. "बाई, तुमचं मालक घरी हायती का? पलटनीनं इचारलंय. विदाउट लीव्ह आल्यात." ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. पुन्हा म्हणायला लावलं. तेच.
घरी नाहीत, असं मी म्हणाले. नव्हतेच. पण कुपवाडचं नाव काढलं नाही. आणि मी त्यांनाच परवानगीचा अर्थ... शी!

२८ फेब्रु.
आले. सरळ विचारलं. म्हणाले, "बर्फात मी आन पलटनीतला एक जोडीदार चौकीवरनं उतरत हुतो. त्यो घसरला. वर काढता येईना. त्याला तितंच सोडून आलो गं. हाका मारीत हुता."
आणि रजा?
"मागितली. न्हाई दिली. मग निघालोच."
ह्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. नुसती शेजारी बसून राहिले.

१ मार्च
सासूबाई: "माज्या लेकाला मी मळ्यात ठीवीन. कुनाला पत्ता लागू देनार न्हाई." शेजारचे पेन्शनर सुभेदार म्हणतात, "आपनहून गेला तर सजा कमी. धरून नेलं तर लय वाईट." साताऱ्यात सुभेदारांच्या ओळखीचे फौजेतले साहेब आहेत, त्यांच्यापुढे हजर व्हायचं. मी म्हटलं, चला, मी येते सोबत.
हे म्हणाले, "तूच सोडतीस व्हय मला?"
सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत.

४ मार्च, सातारा स्टँड
पहिल्या गाडीने आलो. उतरल्यावर म्हणाले, "हितंच बस. तोंड धुऊन येतो." पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. मी नळापर्यंत जाऊन बघून आले. तिथे नाहीत. चहाच्या टपरीवर नाहीत. पिशवी उघडली. वर्दी, नीट घडी घातलेली. साहेबांपुढे एकटेच गेले असतील? मग वर्दी कशी नेली नाही?