पाठमोरा माइक

३ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.,

सोबतच्या खोक्यात माइक आहे. घाबरू नका, तुम्ही दुरुस्त करता त्या घड्याळांपेक्षा सोपा आहे. त्याची वायर कॉम्प्युटरच्या यूएसबीच्या खाचेत घाला आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये त्याचंच नाव निवडा, नाहीतर कॉम्प्युटर आपल्या अंगच्या माइकनेच ऐकत बसेल. टेबलावर टॉवेलची घडी, घडीवर माइक, तोंड वीतभर लांब. लाल बटण दाबलं की पडद्यावर रेघ सुरू होईल, ती आवाजाबरोबर वरखाली होते. तुम्हाला ऐकू कमी येतं, तेव्हा रेघच बघा.

२८ तारखेला आईच्या गळ्यातली गाठ काढणार. गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे, आवाज बदलेल किंवा जाईलही, हे डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिलंय. माझ्या पिल्लूसाठी आजीच्या आवाजात गोष्टी हव्यात असं मी आईला म्हणतेय, पण खरं म्हणजे त्या मलाच हव्या आहेत. तेवढं तिला पटवा. बाकी तुमच्या मायेत मी आहेच.

तुमची टिकटिक

९ जून

चि. टिकटिक हिस अ. आ.

माइक पोचला आणि पहिल्याच दिवशी लागलाही. तुझी आई मात्र ऐकत नाही. ऑपरेशन गाठीचं आहे, माझं नाही, आत्तापासून माझ्या आठवणी गोळा करू नका, म्हणाली. त्या दांडक्यासमोर ती बसणार नाही. दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सांगायची माझी छाती झाली नाही.

मग म्हटलं, माइक पडून कशाला राहायचा? पिल्लूसाठी मीच कोल्ह्याच्या गोष्टी वाचल्या. तुझी आई टेबलापलीकडे शर्टांची बटणं लावत बसते आणि माझ्या चुका काढते. गंमत अशी, की मी वाचतो तेव्हा रेघ जेमतेम थरथरते आणि ती मधे बोलली की उड्या मारते. या घरात त्यात नवीन काही नाही. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हमध्ये घालून पाठवतोय. कॉम्प्युटरमधून आलेलं मला काही ऐकू येत नाही, तूच तपास.

पिल्लूला पापा. आमची आठवण ठेव.

बाबा

१४ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.,

ऐकलं. आधी भिंतीवरची तुमची अकरा घड्याळं ऐकू आली. मग तुम्ही, शेजारच्या घरातून बोलावं तसे. आणि मग आई, अगदी माझ्या कानाशी. तिने तुम्हाला चष्मा पुसायला सांगितलं, दोऱ्याला नावं ठेवली, दातांनी दोरा तोडला, तेसुद्धा ऐकू आलं.

बाबा, माइक तुमच्याकडे पाठ करून उभा आहे. हा एकाच बाजूचं ऐकतो, ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह आहे तिकडचं. माइक फिरवा, असं मी लिहायला हवं. मी ते लिहीत नाही, काय ते तुम्ही ठरवा. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हे चार वेळा ऐकलं आणि रडले. हे पत्र आईला दाखवू नका.

तुमचीच,
टिकटिक

२० जून

चि. टिकटिक हिस अ. आ.

समजलं. माइक फिरवलेला नाही.

आता वाचायला बसण्याआधी सगळी घड्याळं थांबवतो. तुझी आई विचारते, गिऱ्हाइकांना काय सांगणार? मी म्हणतो, घड्याळांना घातलेलं तेल सुकतंय. वाचताना मुद्दाम चुकतो. कोल्ह्याला शिंगं लावली, तर ती पाच मिनिटं बोलली. काल राजाला दोनदा मारलं.

तुला एक सांगतो, तिला सांगितलेलं नाही. कानाला यंत्र लावूनही मला माणसांचं बोलणं गढूळच येतं. स्वच्छ ऐकू येतो तो तिचा एकटीचा आवाज. तो गेला तर पेन ड्राइव्ह तुला उपयोगी पडेल, मला नाही. मला भीती वाटते आहे.

पत्र फाडून टाक. माया पातळ करू नकोस.

बाबा

१९ जुलै

चि. टिकटिक हिस अ. आ.

तू ऑपरेशनला येऊन परत गेल्यापासून माझं पाटीवर लिहूनच चाललंय. आज पत्र.

या घरात टपाल मी उघडते, हे तू विसरलीस कशी? तुझं १४ जूनचं पत्र मी आधी वाचलं, पुन्हा चिकटवलं आणि यांच्या कामाच्या बाकावर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची थोडी पुढे घेतली. कोल्ह्याला शिंगं नसतात हे यांना माहीत आहे, एवढं मला कळतं. तुझा लहानपणचा फ्रॉक जळाल्याची गोष्ट मी तुझ्यासाठीच माइकला ऐकवली, शर्टाच्या निमित्ताने. यांचं २० तारखेचं पत्रही मीच टपालात टाकलं, वाचून.

डॉक्टरांनी परवापासून दिवसाला एखादा शब्द बोलायची मुभा दिली. मी यांना हाक मारली. नुसता वाराच निघाला. यांनी मान डोलावली, ऐकू आलं म्हणाले. खोटं बोलताना हे कान चोळतात. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आज सकाळी यांनी न बोलता टॉवेलची घडी घातली, माइक ठेवला, चिन्ह माझ्याकडे केलं, अकराही घड्याळं थांबवली आणि लाल बटण दाबलं. मी तीच हाक मारली, लग्नापासून मारते ती, अहो.

रेघ हलली. मोहरीएवढीच, पण हलली. यांनी भिंग डोळ्याला लावून तोंड पडद्याजवळ नेलं आणि तिच्यावर बोट ठेवलं, बंद घड्याळ चालू झालं की ठेवतात तसं. मग मला म्हणाले, ओ.

दुपार झाली तरी घड्याळं बंदच आहेत. दोन गिऱ्हाइकं परत गेली. मीही आठवण करून दिलेली नाही.

लोभ आहेच, आवाजही येईल.

तुझी आई