सोळा आणे

पिंपरखेडा, ता. परतूर
४ ऑक्टोबर १९४४

चि. रामकिसन यास रखमाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू रसदखात्यात नायब मोतमद, म्हंजी सचिवाच्या हाताखालचा साहेब, झाल्याचं कळलं. वा रे बहाद्दर! ढेकळं तुडवणारं पोरगं आता हैदराबादेत खुर्चीवर बसून अख्ख्या मुलखाचं धान्य ठरवणार! आईनं गावभर गूळ वाटला. शेजारी बसून सांगून राह्यली, लिही, इकडं सगळं सोळा आणे हाये, पोरानं घोर लावून घेऊ न्हाई. तू इलायतेला शिकायला गेल्तास तवापासून तिचं हेच वाक्य. मी आपला लिहितो.

मायेत उणं पडू देऊ नको.
तुझा दादा

हैदराबाद
२१ नोव्हेंबर १९४४

ती. दादास सा. न. वि. वि.

आईला सांग, आज तिनं सरकार चालवलं! लेव्हीची, म्हणजे सरकारनं सक्तीनं घ्यायची, ज्वारी पिकाच्या आणेवारीवर ठरते. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. परतूरच्या पटवाऱ्यांनी पाच आणे लिहून पाठवलं. हे लोक बिलकुल खोटं लिहितात. मी भर बैठकीत खिशातून तुझं पत्र काढलं आणि आईचं वाक्य वाचलं. साऱ्या तालुक्यावर सोळा आण्यांनी लेव्ही बसली. असा अर्थशास्त्री हवा, असं साहेब म्हणाले.

आहे तो जिव्हाळा वाढावा.
तुझा रामकिसन

पिंपरखेडा
१८ डिसेंबर १९४४

चि. रामकिसन यास आशीर्वाद. वि. वि.

अरे शहाण्या, ते पिकाचं न्हाई, खुशालीचं वाक्य व्हतं! ज्वारी खरंच पाच आणे व्हती. पाऊस भाद्रपदातच गेल्ता. तुला घोर नको म्हणून आईनं लिहू दिलं न्हाई. काल शिपायांनी पेव उकरून अकरा पोती नेली. बियाणंसुद्धा गेलं. चूल दिवसाआड पेटती. आई आपली भाकर माझ्या पोरींच्या ताटात टाकती अन् वर म्हणती, रामकिसनला रागं भरू नको, त्याची बढती अडंल. गाव मला तोंडावर शिव्या देऊन राह्यलं. जल्दी हुकूम फिरव. तुझ्या एका सहीचं काम हाये रे.

वाट बघतो.
दादा

हैदराबाद
६ जानेवारी १९४५

ती. दादास सा. न. वि. वि.

वाचून फार वाईट वाटलं. पण हुकूम फिरवायचा तर बैठकीत मी चुकीचं वाचलं, असं मला लेखी द्यावं लागेल. पुढच्या महिन्यात मोतमदाची जागा रिकामी होते आहे. तू पटवाऱ्यामार्फत तीन प्रतींत अर्ज कर. पुढच्या हंगामाला बराबर विचार होईल. आईची खुशाली मात्र वेळेवर कळवत जा.

राग न धरता लोभ ठेवावा.
रामकिसन

पिंपरखेडा
२७ फेब्रुवारी १९४५

रामकिसन,

मोतमद झालास म्हणं. परवा आई गेली. तार केली न्हाई, तुझ्या कामात खोळंबा नको. आजार कोणताच नव्हता तिला, पोटात काही नव्हतं. शेवटाला बोलवंना, तरी बोटानं खुणावून राह्यली, कागद घे म्हणून. काय लिहायचं ते मला बराबर कळलं.

इकडं सगळं सोळा आणे हाये.

हेबी बैठकीत वाचून दाखव.

रखमाजी