तबल्याच्या पिशवीतला रेकॉर्डर

प्रिय समाधान,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही. तुझा नंबर मीच ब्लॉक केलाय, म्हणून तळवड्याच्या तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितेय.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं भजन असलं की तू शिफ्ट बदलून यायचास. पहिल्या रांगेत, मांडीवर रेकॉर्डर. टेपमध्ये आवाज येईल म्हणून दादसुद्धा द्यायचा नाहीस. गाण्यावर एवढा जीव लावणारा माणूस मलाही जपेल, असं वाटायचं. किती बावळट होते मी!

संत तुकाराम नगरच्या कार्यक्रमात आप्पांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, आज गळा बसलाय, आज रेकॉर्डिंग न्हाई करायचं. तू तोंड एवढंसं केलंस आणि मी विरघळले. अर्जुनकाकांच्या तबल्याच्या पिशवीत तुझा रेकॉर्डर मीच लपवला. दुसऱ्याच भजनात आप्पांचा आवाज फुटला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा फुटला. मग मान खाली घालून ते उठले.

तुम्हा टेप जमवणाऱ्यांचा नियम तूच सांगितला होतास. पैसे घ्यायचे नाहीत, एक टेप देऊन दुसरी घ्यायची. आप्पांच्या चांगल्या गाण्याला कुणी एकही देत नव्हतं. या फुटक्या आवाजाला, दुर्मिळ म्हणून, तुला चाळीस मिळाल्या. फिरत फिरत ती टेप महाळुंग्यात आप्पांच्याच कंपनीत पोहोचली आणि कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्यांच्यासमोर मोबाइलवर लावली.

आप्पांनी ती शेवटपर्यंत ऐकली. घरी येऊन एवढंच म्हणाले, तबला लई जवळून वाजतोय, म्हंजे यंत्र अर्जुनकडंच व्हतं. तीस वर्षं साथ केलेल्या माणसाशी तेव्हापासून अबोला. अर्जुनकाका दोनदा दारात येऊन उभे राहिले. मी चहाही विचारला नाही. आत बोलावलं असतं तर खरं बोलावं लागलं असतं. तुझ्याइतकाच मला माझाही राग येतो.

काल कळलं, अर्जुनकाकांनी तबला विकायला काढलाय. म्हणून हे पत्र. तुला मिळेपर्यंत मी आप्पांना सांगितलेलं असेल, आधी माझं नाव, मग तुझं. तुझा त्यांना कधी संशयच आला नाही. अजूनही विचारतात, त्यो पहिल्या रांगेतला पोरगा आताशा का येत न्हाई?

एके काळची तुझीच,
तनुजा