बाबांच्या बोलण्यातला दुसरा आवाज

प्रिय बारक्या,

फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणाले, कारण बाबा शेजारीच बसले होते. म्हणून हे पत्र.

घशातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली की बाबांचा आवाज कायमचा जाणार, तेव्हा तो आधीच साठवून ठेवू, ही कल्पना तुझीच. पहिल्या दिवशी कॉम्प्युटर नुसता ढिम्म. बाबा आपल्या लहानपणीच्या गमती रंगवून सांगतायत आणि पडद्यावरची आवाजाची पट्टी काही हलेना. तू सांगितलंस तशी सेटिंगमध्ये जाऊन माईकला परवानगी दिली. मग कळलं, नवा माईक सोडून तो कॅमेऱ्यातल्या माईककडे कान लावून बसलाय. ते बदललं, आवाजाची पातळी वाढवली, तेव्हा कुठे पट्टी नाचायला लागली. बाबा म्हणाले, "चला, यंत्र तरी माझं ऐकायला लागलं!"

पण रेकॉर्डिंग ऐकलं, तर बाबांच्या वाक्यांमागे कुणीतरी पुटपुटत होतं. तू म्हणालास, स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतोय. स्पीकर काढून हेडफोन लावले. घुमणं थांबलं, पुटपुटणं मात्र आणखी स्पष्ट झालं. बाबा जुन्या साहेबांचं आडनाव आठवायला थांबतात, तेवढ्यात एक बाई ते हळूच सांगते. मग बाबा तेच आडनाव घेतात. पुढे त्यांना ठसका लागतो, तर ती म्हणते, "आधी पाणी घ्या." बारक्या, ती आई आहे. तिला जाऊन दोन वर्षं झाली, पण 'घ्या' म्हणताना असा वर जाणारा सूर दुसऱ्या कुणाचा असेल?

तुला फाइल पाठवली, तर तू म्हणालास, नुसती खरखर आहे, ड्रायव्हर पुन्हा टाक. टाकला. माईकही बदलला. आई आहे तिथेच.

बाबांपासून लपवत होते, पण एका दुपारी त्यांनी स्वतःच हेडफोन चढवले. घाबरतील म्हणून मी दारात उभी, तर ते खुदकन हसले. "हिची मधे मधे बोलायची खोड काही गेली नाही." तेव्हापासून रोज दुपारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माईकसमोर बसतात. बोलतात, ऐकतात, कधी भांडतातसुद्धा. शस्त्रक्रियेचा विषय काढला की एकच उत्तर, "माझा आवाज गेल्यावर हिच्याशी बोलणार कोण?" गाठ वाढतेय. आता पेजसुद्धा घशाखाली उतरत नाही.

ते फिरायला गेले असताना मी एकटीने बसून पाहिलं. आईला हाका मारल्या, विनवण्या केल्या, रडलेसुद्धा. रेकॉर्डिंगमध्ये फक्त माझं रडणं आणि फ्रिजची घरघर. ती येते ती बाबांच्याच आवाजामागे.

परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये तिने बाबांना विचारलं, "पोरगी जेवली का?" काल इस्पितळातून तारीख पक्की करायला फोन आला. बाबा आंघोळीला गेले होते. मी म्हणाले, इतक्यात नको, आम्ही कळवू. आणि फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं, बारक्या. बाबांना मी अजून सांगितलेलंही नाही. तू लगेच निघून ये आणि त्यांना इस्पितळात घेऊन जा. मी हजार कारणं सांगेन, कदाचित दारही उघडणार नाही. माझं काही एक ऐकू नकोस.

तुझीच,
ताई